राष्ट्राध्यक्ष की पंतप्रधान: खरी ताकद कुणाची, आणि ती मोजायची कशी?

पेठेतला_पाहुणा

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी पुण्यात टिळक रोडजवळच्या आमच्या अभ्यासमंडळात विषय आहे, 'लोकशाहीत नेता म्हणून राष्ट्राध्यक्ष बरा की पंतप्रधान?' पहिली वीस मिनिटं मांडणी माझ्याकडे आहे. क्लासच्या नोट्समधला तक्ता पाठ आहे: एकीकडे थेट निवडणूक, ठरलेली मुदत, सत्तेची विभागणी; दुसरीकडे सभागृहाचा विश्वास, सामूहिक जबाबदारी वगैरे. पण तो तक्ता घेऊन पेपर वाचायला बसलं की काहीच जुळत नाही. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणतात त्या अमेरिकेच्या अध्यक्षाचं सरकार पैसे मंजूर न झाल्याने महिनाभर बंद पडतं, आणि ज्या पंतप्रधानाला जनता थेट निवडतसुद्धा नाही त्याचा अर्थसंकल्प बिनबोभाट पार पडतो. मग ताकद मोजायची कशावर?

श्रोत्यांत ज्येष्ठ नागरिक आणि एमपीएससीची मुलं, दोन्ही आहेत. उदाहरणं नेमकी हवीत, नाहीतर पहिल्या रांगेतले काका मध्येच उठून दुरुस्ती करतात.

घटनाकलम

सुरुवात शब्दापासून करा. मराठीने इथे सोय करून ठेवलीय. इंग्रजीत 'प्रेसिडेंट' हा एकच शब्द नामधारी आणि कारभारी अशा दोघांना चालवावा लागतो. आपण दिल्लीतल्या पदाला राष्ट्रपती म्हणतो आणि वॉशिंग्टनमधल्या पदाला राष्ट्राध्यक्ष. हा फरक तोंडात बसलेला आहे, तो पहिल्याच मिनिटाला वापरून टाका. जर्मनी, इटली, इस्रायल इथले 'अध्यक्ष' आपल्या राष्ट्रपतींच्या जातकुळीतले. कारभार तिथे पंतप्रधान किंवा चॅन्सेलर करतो. दक्षिण आफ्रिकेचा अध्यक्ष मात्र नावाने फसवतो. त्याला तिथली राष्ट्रीय सभा निवडते आणि तीच साध्या बहुमताने घालवू शकते, म्हणजे कामाने तो पंतप्रधानच. २००८ मध्ये थाबो म्बेकींना त्यांच्याच पक्षाने परत बोलावलं आणि ते पायउतार झाले. लोकांसमोर जायची वेळही आली नाही.

आता मूळ प्रश्न. निवड कशी होते याकडे पाहू नका, दोनच गोष्टी विचारा: याची खुर्ची कोण काढून घेऊ शकतं, आणि याच्या पैशाला मंजुरी कोण देतं?

अमेरिकेत खुर्ची पक्की, काम कच्चं. चार वर्षं कुणी हलवू शकत नाही. महाभियोगाला खालच्या सभागृहात साधं बहुमत पुरतं, पण दोषी ठरवायला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन ३५ विरुद्ध १९ अशा मतांनी वाचले. ३६ लागत होती. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मतं पडली, ६७ हवी होती. आजवर एकही अध्यक्ष या मार्गाने गेलेला नाही. निक्सन १९७४ मध्ये मतदानाआधीच राजीनामा देऊन मोकळे झाले.

पण हाच पक्क्या खुर्चीवरचा माणूस साधा मंत्री नेमायचा तर सिनेटची संमती मागतो. परराष्ट्र करार करायचा तर सिनेटचे दोन तृतीयांश. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह अध्यक्ष विल्सन यांनी स्वतः पॅरिसला बसून घडवला आणि घरच्या सिनेटने तो फेटाळला. पैशाचं तर विचारूच नका. सीमेवरच्या भिंतीच्या निधीवरून २०१८-१९ मध्ये सरकारचा काही भाग ३५ दिवस बंद होता, २०२५ मध्ये पुन्हा ४३ दिवस. संसदीय पद्धतीत असं बंद पडणं सहसा संभवत नाही, कारण अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं. तिढा राहतच नाही, निवडणूक लागते किंवा नवा माणूस येतो.

पंतप्रधानाचं नेमकं उलटं. बहुमत असेल तर मंत्री, करार, अर्थसंकल्प, कायदा सगळं हातात. भारतात परराष्ट्र करार संसदेत मंजूर करून घ्यावा असं बंधनही नाही. पण आपल्याच माणसांनी हात काढला की खेळ खलास. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांनी लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या होत्या. १९९० मध्ये पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत त्यांना २०४ आणि प्रतिस्पर्ध्याला १५२ मतं मिळाली. नियमाप्रमाणे लागणारी आघाडी चार मतांनी हुकली आणि दोन दिवसांत त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. लिझ ट्रस तर २०२२ मध्ये ४९ दिवसांत गेल्या. असं अमेरिकेत होत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण काका यावर नक्की उठतील. अमेरिकी अध्यक्षाच्या कार्यकारी आदेशाला आपले पेपर सर्रास 'अध्यादेश' म्हणतात. चूक आहे. आपला अध्यादेश कलम १२३ खाली निघतो, त्याला कायद्याचं बळ असतं, आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने मान्य केला नाही तर तो संपतो. तिकडचा आदेश असलेल्या कायद्याच्या किंवा घटनेने दिलेल्या अधिकाराच्या आतच काढता येतो, नवा कायदा त्यातून होत नाही. पुढचा अध्यक्ष पहिल्या दिवशी एका सहीने तो रद्द करतो.

मुळशीकर

घटनाकलम यांनी वरचा मजला दाखवला, मी तळमजला दाखवतो. थेट निवडलेला नेता आणि वेगळं निवडलेलं सभागृह एका छताखाली कसे नांदतात हे बघायला वॉशिंग्टनपर्यंत जायला नको, मुळशी-हवेलीतली कुठलीही ग्रामपंचायत चालेल.

महाराष्ट्रात सरपंच थेट गावाने निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदललं की पद्धत बदलते, ते सोडा. मुद्दा असा की सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, हे सर्रास होतं. उपसरपंच सदस्य निवडतात, तो साहजिकच विरोधी गटाचा. मग मासिक सभेत खर्चाला मंजुरी मिळत नाही, कोरमअभावी सभा तहकूब होते, पाण्याच्या टाकीचं बिल सहा महिने पडून राहतं. चेकवर सही सरपंच आणि ग्रामसेवकाची, पण त्यामागचा ठराव सदस्यांचा. अमेरिकेतलं सरकार बंद पडणं म्हणजे हेच, फक्त शून्यं जास्त.

हटवायचं म्हटलं तर थेट सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो आणि वर ग्रामसभेचं शिक्कामोर्तब. ज्यांनी निवडलं त्यांनाच विचारा, हे तर्काला धरून आहे. पण तोवर गावाची पाच वर्षांतली तीन गेलेली असतात.

हाच प्रयोग एका देशाने पंतप्रधानावर केला होता, आणि तो तुमच्या मांडणीत यायलाच हवा: इस्रायल. तिथे १९९२ मध्ये कायदा झाला की पंतप्रधान जनता थेट निवडेल. हेतू चांगला होता, छोट्या पक्षांची घासाघीस थांबावी हा. घडलं भलतंच. मतदाराच्या हातात दोन चिठ्ठ्या आल्या, एक पंतप्रधानासाठी, दुसरी पक्षासाठी. पूर्वी 'आपला पंतप्रधान व्हावा' म्हणून लोक मोठ्या पक्षाला मत देत. आता पहिल्या चिठ्ठीवर ते काम भागत होतं, म्हणून दुसरी आपापल्या जातीच्या, पंथाच्या, प्रांताच्या पक्षाला. १९९२ मध्ये १२० पैकी ७६ जागा दोन मोठ्या पक्षांकडे होत्या. १९९९ मध्ये दोघांच्या मिळून ४५ उरल्या. निवडून आलेल्या पंतप्रधानाला सरकार टिकवायला आधीपेक्षा जास्त छोट्या पक्षांची मनधरणी करावी लागली. १९९६, १९९९ आणि २००१ अशा तीनदा ही निवडणूक झाली आणि २००१ मध्येच कायदा गुंडाळला.

नेत्याला थेट निवडलं की तो मजबूत होतो हे आपल्याकडे गृहीत धरतात. त्याच्या मागे सभागृह नसेल तर तो फक्त मोठ्या आवाजात अडकलेला असतो.

शंकासुर

दोन दुरुस्त्या. काकांच्या आधी मीच उठतो.

पहिली: अध्यक्ष हटतच नाही असं नव्हे. दक्षिण कोरियात यून सुक-योल यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला. १४ डिसेंबरला ३०० पैकी २०४ मतांनी महाभियोग मंजूर, आणि ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने त्यांना पदावरून काढलं. तिथे शेवटचा निकाल न्यायाधीशांकडे आहे. अमेरिकेत तोच निकाल अध्यक्षाच्या पक्षाचे लोक जिथे बसतात त्या सिनेटकडे. फरक तिथे पडतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. 'आपल्याच माणसांनी हात काढला की पंतप्रधान गेला' हे ब्रिटनचं वर्णन आहे, भारताचं अर्धवट. लोकसभेत विरोधकांनी मांडलेला अविश्वास ठराव आजवर एकदाही मंजूर झालेला नाही. पहिला आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरूंविरुद्ध मांडला, तिथपासून. आपल्याकडे सरकारं पडली ती स्वतः मागितलेल्या विश्वासमतावर: नोव्हेंबर १९९० मध्ये व्ही. पी. सिंग, एप्रिल १९९७ मध्ये देवेगौडा, आणि १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी, २६९ विरुद्ध २७०. तिन्ही वेळा बाहेरच्या किंवा सोबतच्या पक्षाने पाठिंबा काढला होता. एकाच पक्षाचं बहुमत असलेला पंतप्रधान स्वतःच्या खासदारांनी सभागृहात पाडला, असं एकही उदाहरण नाही.

कारण पक्षांतरबंदी. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर व्हीपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं तर खासदारकी जाते. ब्रिटनमध्ये बंडखोर खासदाराला पक्षाने काढलं तरी जागा त्याचीच राहते. म्हणून तिथला मागच्या बाकावरचा खासदार पंतप्रधानाला घाम फोडतो आणि इथला बाक वाजवतो. थोडक्यात, स्वतःचं बहुमत असलेला भारतीय पंतप्रधान पाच वर्षांपुरता अध्यक्षासारखा पक्का आणि वर पंतप्रधानासारखा मोकळा. जगात इतकी सोयीची खुर्ची फार थोड्या ठिकाणी आहे.

पेठेतला_पाहुणा

शंकासुर, हे तर मांडणीचं हाडच मिळालं. मुळशीकर, इस्रायल माहीत नव्हतं. धन्यवाद.

पण मग आपले राष्ट्रपती नेमके कुठे बसतात? 'रबर स्टँप' म्हटलं की ज्येष्ठ मंडळी दुखावतात, 'घटनेचे रक्षक' म्हटलं की पोरं हसतात.

घटनाकलम

दोन्ही शब्द टाळा आणि एक वेळ सांगा: पहाटे ५ वाजून ४७ मिनिटं.

२३ नोव्हेंबर २०१९, महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट त्या वेळी उठवली गेली आणि मग तो प्रसिद्ध पहाटेचा शपथविधी झाला. राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते, पण त्या रात्री मंत्रिमंडळ बसलंच नव्हतं. केंद्राच्या कामकाज नियमांतला १२ वा नियम पंतप्रधानाला निकडीच्या वेळी बैठकीशिवाय निर्णय घ्यायची मुभा देतो, मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घ्यायची असते. तोच नियम वापरला. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली तेव्हाही हाच मार्ग होता. मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. ते पुन्हा होऊ नये म्हणून ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली की आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी यायला हवा. राष्ट्रपती राजवट उठवायला मात्र ती अट नाही, म्हणून २०१९ ची पहाट नियमात बसली.

सही राष्ट्रपतींची, निर्णय पंतप्रधानांचा, हे यातून कुणालाही कळतं. कलम ७४ प्रमाणे सल्ला बंधनकारक आहे. ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये ते स्पष्ट लिहिलं, ४४ व्या दुरुस्तीने एकदा परत पाठवायची मुभा दिली. ती मुभा अगदीच पोकळ नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती पुन्हा पाठवली नाही. झैलसिंगांनी टपाल विधेयकावर सहीच केली नाही. कलम १११ मध्ये मुदत लिहिलेली नाही, त्या फटीत ते विधेयक अडकलं आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं, संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केलं, मग सही करावी लागली.

खरी मोकळीक एकाच प्रसंगी: लोकसभा त्रिशंकू असेल तेव्हा आधी कुणाला बोलवायचं. मे १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावलं, ते सरकार १३ दिवस टिकलं.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा आकडा हवा असेल तर महाराष्ट्राचाच द्या. १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, भागिले २८८ आमदार, भागिले १०००, म्हणजे एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. मतदान गुप्त, व्हीप लागू नाही. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी, पेन निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचंच. पसंतीक्रम अंकात लिहायचा. 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत बाद. २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली, त्यांत खासदारही होते. हे सांगितलंत की सभा जागी होईल.

मुळशीकर

रात्री-पहाटेचं निघालंच आहे तर राज्यातलंच पुढचं उदाहरण घ्या, राज्यपाल म्हणजे छोटे राष्ट्रपती समजून. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली आणि उद्धव ठाकरे यांनी ती होण्याआधीच, २९ जूनला राजीनामा दिला. मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की चाचणी बोलावण्याइतकं ठोस कारण राज्यपालांकडे नव्हतं, पण मुख्यमंत्री चाचणीला सामोरेच गेले नाहीत, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. पंतप्रधान-मुख्यमंत्री या जातीच्या पदाचा हा व्यावहारिक धडा आहे: आकडा पडेल असं दिसलं तरी सभागृहात पडणं वेगळं आणि आधी राजीनामा देणं वेगळं. (राजकारण नको, फक्त प्रक्रिया सांगा. नाहीतर वीस मिनिटांची दोन तास होतील.)

लकडीपूल

एक खाना राहिला. राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघंही असतील तर, आणि दोघांनाही खरे अधिकार असतील तर?

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला, पंतप्रधान त्याने नेमलेला, पण पाडायचा अधिकार सभागृहाला. सभागृह विरोधकांकडे गेलं की अध्यक्षाला विरोधी पक्षाचा पंतप्रधान घेऊन संसार करावा लागतो: १९८६ मध्ये अध्यक्ष मितराँ आणि पंतप्रधान शिराक, १९९७ ते २००२ अध्यक्ष शिराक आणि पंतप्रधान जोस्पँ. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अध्यक्षाची मुदत सातावरून पाच वर्षांवर आणली, म्हणजे दोन्ही निवडणुका लागोपाठ होऊन एकाच पक्षाकडे जातील. वीस वर्षं तोडगा चालला. मग सभागृहाचे तीन तुकडे झाले. जून २०२४ मध्ये अध्यक्ष मॅक्राँ यांनी सभागृह विसर्जित केलं, बहुमत कुणालाच नाही. ४ डिसेंबरला पंतप्रधान बार्निए यांचं सरकार ३३१ मतांनी पडलं, १९६२ नंतर पहिल्यांदाच. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बायरू पडले. निवडणुकीनंतर वर्षभर पुन्हा विसर्जन करता येत नाही, म्हणून अध्यक्षही बांधलेला. जबाबदारी पंतप्रधानाने घ्यायची, खुर्ची अध्यक्षाची शाबूत.

श्रीलंकेत २६ ऑक्टोबर २०१८ ला अध्यक्षांनी पंतप्रधान विक्रमसिंघे यांना काढून महिंदा राजपक्षेंना नेमलं. विक्रमसिंघे निवासस्थान सोडेनात, त्यामुळे काही आठवडे देशाला दोन पंतप्रधान. डिसेंबरमध्ये न्यायालयाने अध्यक्षांनी मधेच केलेलं संसदेचं विसर्जन घटनाबाह्य ठरवलं आणि विक्रमसिंघे परतले. गोम अशी की २०१५ च्या १९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानाला काढायचा अध्यक्षाचा अधिकार आधीच गेला होता.

यापेक्षा जर्मनीचं बरं. चॅन्सेलरला काढायचं तर त्याच मतदानात नवा निवडून द्यायचा, नुसतं पाडापाडी चालत नाही. १९७२ चा प्रयत्न दोन मतांनी फसला, १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले, आणि आजवर यशस्वी झालेला तो एकच.

पेठेतला_पाहुणा

वीस मिनिटांत हे बसवणं म्हणजे लक्ष्मी रोडवर गाडी लावणं. एकच विचारतो: सुरुवात पुण्याच्या महापौरांपासून केली तर? सगळ्यांना ओळखीचं पद.

शंकासुर

करा, पण महापौर पंतप्रधानाच्या रकान्यात टाकू नका. नगरसेवकांनी निवडलेला, मुदत अडीच वर्षं, सभेचं अध्यक्षपद आणि मान. अंमलबजावणीचे अधिकार कायद्याने आयुक्तांकडे, आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. अंदाजपत्रक आयुक्त तयार करून स्थायी समितीला देतात. म्हणजे महापौर राष्ट्रपतींच्या रकान्यात. आयुक्तांसाठी तुमच्या तक्त्यात रकानाच नाही: निवडलेलं कुणी नाही, पण परत पाठवायचं तर एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतं लागतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक म्हणून सगळा कारभार त्यांच्याकडेच गेला होता. काकांना पाच अष्टमांशचा आकडा बहुतेक पाठ असेल, तेव्हा 'दोन तृतीयांश' म्हणू नका.